समुपदेशकाकडे जाताना: एकट्याने, जोडीने की घरातल्या सगळ्यांनी?

इंदूरच्या मराठी घरांतून समुपदेशकाला येणारा पहिला फोन पुष्कळदा तिसऱ्याच माणसाचा असतो. मुलासाठी आई फोन करते, लेकीच्या संसारासाठी मामा करतो, सुनेसाठी सासरे करतात. मागणी ठरलेली: "तुम्ही त्याला जरा समजवा." महिला थान्यात (महिला पोलीस ठाण्यात) किंवा परिवार परामर्श केंद्रात होते ती 'समझाइश' सगळ्यांच्या ओळखीची असते. दोन्हीकडच्यांना बसवायचं, चार वडीलधाऱ्यांनी बोलायचं, कागदावर सही घ्यायची. समुपदेशनही तसंच असेल असं धरून लोक येतात आणि तिसऱ्या भेटीनंतर "काही फरक पडला नाही" म्हणून सोडून देतात.

फरक न पडण्याचं कारण बहुधा पहिल्या भेटीच्या आधीच घडलेलं असतं. काम कोणाचं आहे हे ठरलेलं नसतं, किंवा माणसं चुकीच्या क्रमाने खोलीत आलेली असतात. म्हणून खाली तयारी आणि क्रम यांवर जास्त भर आहे.

## १. काम कोणाचं आहे ते आधी ठरवा

फोन लावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

पहिला: त्रास माणसाबरोबर फिरतो का? ऑफिसात, मित्रांमध्ये, प्रवासात, सगळीकडे तीच धडधड, तोच उदासपणा असेल तर काम एकट्याचं आहे. बाहेर माणूस ठीक असतो आणि फक्त नवराबायको समोरासमोर आले की बिघडतं, तर काम जोडप्याचं. खोलीत कोण आहे त्यावर भांडणाचा रंग बदलत असेल, म्हणजे आई समोर असली की एक आणि नसली की दुसरं, तर काम कुटुंबाचं आहे.

दुसरा: स्वतःचं वागणं बदलून बघायला आज कोण तयार आहे? सुरुवात त्याच्यापासून होते, मग चूक कोणाचीही असो. ज्याला 'सुधारायचं' आहे तो तयार नसेल तर त्याला ओढून आणण्यापेक्षा ज्याला त्रास होतोय त्याने स्वतः जावं.

तिसरा: जो निर्णय अडकलाय तो घ्यायचा अधिकार कोणाचा? लग्नाचा निर्णय मुलीचा असेल तर खोलीत आधी मुलगी हवी.

भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये चार वर्षं एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा. घरी लग्नाचा विषय काढला की जेवणाच्या ताटावरून उठतो. इथे आधी त्याच्या एकट्याच्या चार-पाच भेटी आणि मग त्याच्या संमतीने आईबाबांसह एक भेट. उलट केलं तर पहिल्याच भेटीत तो आरोपी होतो आणि परत येत नाही.

सुदामा नगरातलं दुमजली घर. खाली सासू-सासरे, वर मुलगा-सून, स्वयंपाकघर एकच. वाद वरवर भाजीचा असतो, आतून पैशाचा आणि परवानगीचा. हे कुटुंबाचं काम वाटतं आणि आहेही. पण सुरुवात जोडप्यापासून करावी. नवराबायकोचं आपसांत ठरलेलं नसताना सगळे एकत्र बसले की मुलगा दोन्हीकडचे निरोप पोचवणारा होऊन जातो आणि आईला वाटतं की सुनेने समुपदेशक आपल्या बाजूला वळवलाय. तीन-चार भेटी दोघांच्या, मग आई-बाबांना बोलवायचं.

शाळकरी मुलाच्या बाबतीत पहिली भेट फक्त आई-वडिलांची. मूल दुसऱ्या भेटीपासून. मुलाच्या समोर त्याच्या तक्रारींची यादी वाचून दाखवायची नाही.

तपासा: "आम्हाला काय हवंय" हे एका वाक्यात सांगता येतं का? "घरात शांतता हवी" हे वाक्य चालणार नाही. "रात्री दहानंतर पैशांवरून होणारं भांडण आठवड्यातून पाच वेळा होतं, ते एकावर यावं" हे चालेल.

## २. आधी धोका, मग आजार, मग नातं

हा क्रम उलटा झाला तर नुकसान होतं, म्हणून इथे घाई नको.

जिवाचा धोका. घरात कोणी "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, अचानक निरोपाची भाषा करत असेल तर थेट विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने विचार पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा, कीटकनाशक, उंदीर मारायचं औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. इंदुरात एमवाय रुग्णालय आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय या सरकारी सोयी आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. पुढच्या आठवड्यातल्या समुपदेशनाच्या वेळेची वाट बघत बसू नये.

मारहाण. हात उचलला जात असेल, धमकी असेल, फोन किंवा पैसे काढून घेतले जात असतील तर जोडीने समुपदेशनाला जाऊ नका. खोलीत खरं बोलल्याची किंमत घरी मोजावी लागते. आधी एकटीने जावं. १८१ ही महिला हेल्पलाइन, वन स्टॉप सेंटर (हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आणि तातडीला ११२ हे मार्ग आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं, पण त्याच्या नियमांत स्पष्ट आहे की मारहाण का केली याचं समर्थन त्या समुपदेशनात मांडता येत नाही. 'तिने आधी डिवचलं' हे ऐकून घेऊन हिशेब समसमान करणारा समुपदेशक असेल तर तिथून उठा.

दारू. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या शपथेखातर एकदम दारू बंद केली तर सहा तासांपासून तीन-चार दिवसांपर्यंत हातपाय थरथरणं, झटके, भास असं काहीही होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नात्याचं समुपदेशन त्यानंतर.

शरीर. सततचा थकवा, चिडचिड, झोप उडणं, वजनात बदल असेल तर टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. थायरॉईड मंदावलेल्या माणसाला महिनोन्‌महिने 'सकारात्मक विचार' शिकवले जातात, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली तर तिला 'नाजूकपणा' म्हणून सोडू नका. सत्तरीतल्या आजोबांच्या बोलण्यात दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ दिसू लागला तर आधी फिजिशियन. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी होणं हे नेहमीचं कारण असतं. आणि 'सासऱ्यांना आमचं ऐकायचंच नसतं' या तक्रारीत एकदा कानाची तपासणीही करून बघावी, हे चेष्टेने लिहिलेलं नाही.

सावध: नसलेले आवाज ऐकू येणं, 'सगळे माझ्यावर नजर ठेवतात' अशी पक्की खात्री, चार-पाच दिवस झोप न लागूनही अफाट उत्साह असणं, यांसाठी प्रथम मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशन सोबतीला चालतं, त्याच्या जागी चालत नाही.

## ३. माणूस निवडणं

पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून फोनवरच विचारा. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर असतात आणि मनाच्या आजारांवरची औषधं लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर नोंद पडताळता येते. समुपदेशकाचं शिक्षण मानसशास्त्र किंवा समाजकार्यातलं असू शकतं. त्यांना विचारायचे प्रश्न असे:

- जोडप्यांसोबत किंवा कुटुंबांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? एकट्या माणसाबरोबर उत्तम काम करणारा समुपदेशक चार जणांच्या खोलीत गडबडू शकतो.
- एक भेट किती मिनिटांची? एकट्याची साधारण ४५ ते ६०, जोडप्याची आणि कुटुंबाची ६० ते ९० मिनिटं असते.
- फी किती, वेळ रद्द करायची तर किती तास आधी कळवायचं, उशीर झाला तर काय?
- तुमच्या कामावर तुम्ही कुणाशी सल्लामसलत करता का? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.
- मराठी समजतं का?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबू. इंदूरच्या मराठी घरात आजी मराठीत रागावते, वडील मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात आणि नातू दोघांनाही हिंदीतच उत्तर देतो. समुपदेशक हिंदीभाषक असेल तर बिघडत नाही, पण नातवाला दुभाषी करू नका. आजीचं बोलणं सौम्य करून सांगायचं की जसंच्या तसं, हे ओझं मुलाच्या डोक्यावर येतं. आजीने तिच्या मराठीत बोलावं, हिंदीत ज्याला सहज सांगता येईल अशा मोठ्या माणसाने सांगावं, आणि समुपदेशकाने आजीकडे बघून "मी असं समजलो, बरोबर?" असं विचारावं. ही पद्धत पहिल्याच दिवशी ठरवा.

ओळखीतला समुपदेशक टाळा. आपला मराठी समाज शहरात तसा लहानच आहे. गणेशोत्सवात, मंडळाच्या कार्यक्रमात, मुंजीत तीच माणसं भेटतात. आत्याच्या मैत्रिणीपुढे मोकळेपणी बोलता येत नाही आणि तिलाही नंतर आत्याशी बोलताना अवघडतं.

## ४. घरी सांगणं

फसवून नेऊ नका. "बीपी दाखवायला चला" म्हणून बाबांना समुपदेशकाकडे नेलं की ती भेट वाया जातेच, पुढचा विश्वासही जातो. भांडणाच्या तोंडावर "तुला डॉक्टरची गरज आहे" म्हणणं तर सगळ्यात वाईट, कारण मग समुपदेशन ही शिक्षा ठरते.

भांडण नसलेला दिवस निवडा, दोघंच असताना बोला, आणि वाक्य स्वतःपासून सुरू करा. नवऱ्याला: "अहो, मला झोप लागत नाहीये, आपण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. मी एका समुपदेशकांची वेळ घेतेय. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत याल का?" वडिलांना: "बाबा, दादाचं आणि माझं काय बिनसलंय ते मला एकट्याला सुटत नाही. तुम्ही दोन भेटी या, मग पुढचं तुम्ही ठरवा." किती भेटी ते आकड्यात सांगितलं की ज्येष्ठ माणूस लवकर तयार होतो. 'कायमचं सुरू होईल' ही भीती असते.

नकार आला तर एकदा परत विचारा, तिसऱ्यांदा नको. तुम्ही एकटे जा. एकाचं वागणं बदललं की घरातली जुनी चाल मोडते आणि पुष्कळदा दुसरा पाचव्या-सहाव्या आठवड्यात "काय बोलता तुम्ही तिथे?" म्हणून स्वतःच विचारतो.

## ५. पहिली भेट: सोबत काय न्यायचं, काय विचारायचं

एक पान लिहून न्या. त्यात चारच गोष्टी: त्रास कधीपासून आहे, त्या सुमाराला घरात काय बदललं (बदली, मृत्यू, बाळ, कर्ज, वाटणी), सध्याची औषधं मात्रेसह, आणि आजवर काय काय करून पाहिलं. व्हॉट्सअॅपवरच्या भांडणांचे चाळीस स्क्रीनशॉट नेऊ नका. समुपदेशकाला पुराव्यात रस नसतो. तो क्रम बघत असतो: कोण काय बोललं की पुढे काय होतं.

बोलणं सुरू होण्याआधी संमतीपत्र वाचा आणि गोपनीयतेच्या मर्यादा तोंडी विचारा. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, पण तिला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर समुपदेशक घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आईवडिलांनी "घरातच मिटवू" म्हटलं तरी. कोर्टाने नोंदी मागवल्या तर काय करणार, हेही आत्ताच विचारून घ्या.

कौटुंबिक न्यायालयाकडून, थान्याकडून किंवा परामर्श केंद्राकडून भेट ठरली असेल तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: "इथलं बोलणं अहवालात कोणत्या स्वरूपात जाईल आणि तो कोण वाचेल?" तिथल्या समुपदेशकाचं काम समेट शक्य आहे का ते पाहणं आणि वरती कळवणं हे असतं. ते आपल्या जागी योग्यच आहे. फक्त तिथे मन मोकळं करायचं की नाही, हे उत्तर ऐकून ठरवा. खाजगी समुपदेशन चालू असेल तर दोन्ही वेगळी ठेवा.

तपासा: पहिल्या भेटीच्या शेवटी समुपदेशकाने आपल्याला काय समजलं ते दोन-तीन वाक्यांत सांगितलं का, आणि पुढच्या चार भेटींत काय करणार ते सांगितलं का? दोन्ही राहिलं असेल तर उठण्यापूर्वी विचारा. पहिल्याच भेटीत "चूक यांचीच आहे" असा निकाल मिळाला तर बरं वाटेल, पण तिथे परत जाऊ नका.

## ६. एकट्याचं काम

याबद्दल लोकांना बऱ्यापैकी कल्पना असते, म्हणून मोजकंच.

सुरुवातीला मोजमाप घ्या. उदासीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा वर आले तर तज्ज्ञाने नीट तपासायला हवं. नवव्या प्रश्नाला (स्वतःला इजा करण्याचा विचार) शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोला. काळजी-धडधडीसाठी जीएडी-७ आहे. गुण म्हणजे निदान नव्हे. पण चार आठवड्यांनी पुन्हा भरल्यावर 'वाटतं' आणि 'आहे' यातला फरक दिसतो.

उदासीत क्रम असा: आधी झोपेची वेळ आणि दिवसातली एक-दोन ठरलेली कामं, मग विचारांवर काम. लोक उलटं करतात. अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला विचार तपासायला सांगितलं की तो अंथरुणात पडून स्वतःलाच दोष देत बसतो. सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही. पंधरा मिनिटं चालणं, एका माणसाला फोन. एवढं दहा दिवस टिकलं की मग वही: प्रसंग, मनात आलेलं वाक्य, भावना किती जोराची (० ते १००), त्या वाक्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा, दुसरं शक्य वाक्य.

घरच्यांसाठी एकच सूचना. भेटीहून आल्यावर "काय झालं?" विचारू नका, आणि समुपदेशकाला परस्पर फोन करून "त्याला हे सांगा, ते विचारू नका" असं कळवू नका.

## ७. जोडप्याचं काम

### पहिल्या चार भेटींचा क्रम

पहिली भेट एकत्र. दुसरी आणि तिसरी प्रत्येकाची स्वतंत्र. चौथी पुन्हा एकत्र, तिच्यात समुपदेशक काय दिसलं ते सांगतो आणि काम करायचं की नाही ते तिघं मिळून ठरवतात. स्वतंत्र भेटी वगळू नयेत. मारहाणीबद्दल आणि भीतीबद्दलचे प्रश्न दुसऱ्यासमोर विचारताच येत नाहीत.

स्वतंत्र भेटीआधी गुपितांचा नियम ठरवा. पुष्कळ समुपदेशक स्पष्ट सांगतात: एकट्याने सांगितलेली, नात्यावर परिणाम करणारी गोष्ट मी कायम लपवून ठेवणार नाही, ती तुम्हीच सांगावी म्हणून मदत करीन. तुमच्या समुपदेशकाचा नियम काय आहे ते न विचारता मोठी गोष्ट सांगून टाकणं ही फार नेहमीची चूक आहे. बाहेरचं प्रकरण चालू असेल तर ते थांबल्याशिवाय जोडीचं काम पुढे सरकत नाही.

दोघांपैकी एकाचा आधीपासूनचा समुपदेशक जोडीसाठी घेऊ नका. वीस भेटी तिच्या ऐकलेल्या असताना तो त्याला तटस्थ वाटणार नाही, आणि बहुधा नसतोही.

### खोलीत काय चालतं

विषय महत्त्वाचा असतोच, पण समुपदेशकाचं लक्ष चालीकडे असतं. एक ठरलेली चाल अशी: ती विचारते, तो गप्प होतो, ती मोठ्याने विचारते, तो उठून जातो. तिला तो बेपर्वा वाटतो, त्याला ती हल्ला करतेय असं वाटतं. दोघांचं वागणं एकमेकांच्या वागण्याचं कारण होऊन बसलेलं असतं. ही चाल दोघांना एकाच वेळी दिसली की निम्मा राग त्या चालीवर वळतो.

मग वाक्यांची सुरुवात बदलायची. "तुम्हाला तुमच्या आईशिवाय काही दिसतच नाही" ऐवजी "काल आपलं बोलणं चालू असताना तुम्ही आईंचा फोन घेतलात, मला एकटं पडल्यासारखं झालं. जेवणानंतरची वीस मिनिटं फोन बाजूला ठेवाल का?" यात तीन भाग आहेत: घडलेली एकच गोष्ट, त्याने मला काय झालं, आणि करता येईल अशी मागणी. लोक पहिला भाग बरोबर करतात, दुसऱ्यात "मला वाटतं की तुम्ही स्वार्थी आहात" म्हणतात. ही भावना नाही, हे आरोपाला दिलेलं सभ्य वेष्टन आहे.

ऐकण्याचा सराव: एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मधे न बोलता ऐकून "तुला असं म्हणायचंय का" एवढंच विचारायचं, मग अदलाबदल. उपाय सुचवायचा नाही. घरी आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, मुलं झोपल्यावर.

आवाज चढला, छाती धडधडू लागली की थांबायचं. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. किमान वीस मिनिटं वेगळं बसायचं आणि त्या वेळात उत्तरं जुळवायची नाहीत.

सावध: "मला वीस मिनिटं हवीत, साडेनऊला परत बोलू" असं सांगून उठणं आणि न बोलता गाडीची किल्ली घेऊन निघून जाणं, यात दुसऱ्याला फार मोठा फरक जाणवतो. परत यायची वेळ जो उठतो त्यानेच सांगायची आणि पाळायची.

तिरस्कार, म्हणजे नक्कल करणं, डोळे फिरवणं, माहेरावरून टोमणे, हा भांडणापेक्षा जास्त बिघडवतो. समुपदेशकाने तो तिथल्या तिथे थांबवायला हवा. तो थांबवत नसेल तर तसं सांगा.

### राहायचं की वेगळं व्हायचं

एकाचं निम्मं मन बाहेर असेल तर संवादकौशल्यं शिकवण्यात अर्थ नाही. अशा वेळी काही समुपदेशक जास्तीत जास्त चार-पाच भेटी फक्त निर्णयासाठी ठेवतात: आहे तसं चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने मनापासून काम करून बघायचं. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिन्यांचा अवधी आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परिस्थिती पाहून माफ करता येतो असं म्हटलं. पुष्कळ जोडपी त्या सहा महिन्यांत समुपदेशनाला येतात आणि वकिलांच्या सूचना मनात धरून बोलतात. अर्जाच्या आधी आलेलं बरं. वेगळं व्हायचं ठरलं तरी मुलांच्या वेळापत्रकासाठी दोन-तीन भेटी घ्या: कोणत्या दिवशी कुठे, सणांना कोणाकडे, शाळेचा फोन कोणाला जाईल.

## ८. कुटुंबाचं काम

### कोण यायचं

ज्यांच्या बदलाशिवाय गोष्ट हलणार नाही तेवढेच. मावशी, मामा, 'समजूतदार शेजारी' नकोत. पुण्यात किंवा बंगळुरात नोकरी करणारा मुलगा व्हिडिओवर येणार असेल तर त्याचा पडदा वेगळ्या खुर्चीवर, सगळ्यांच्या डोळ्यांच्या पातळीला ठेवा. आईच्या हातात फोन दिला की तो आईच्याच बाजूचा होतो.

### घराचा नकाशा

पहिल्या एकत्र भेटीत तीन पिढ्यांचा नकाशा काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, जवळिकीला दुहेरी रेघ, ताणाला नागमोडी. मृत्यू, आजार, घर सोडून जाणं यांची वर्षं लिहितात. घाई करू नका, ४० मिनिटं लागतात. नकाशा काढता काढता दिसतं की ज्या वर्षी आजोबा गेले त्याच वर्षी नातवाची शाळा बुडायला लागली, किंवा प्रत्येक पिढीत धाकट्या भावाशी बोलणं बंद झालंय. हे समुपदेशकाने सांगण्यापेक्षा घरच्या कुणाच्या तरी तोंडून निघालेलं उपयोगी पडतं.

### बोलण्याचा क्रम

मान म्हणून पहिला शब्द वडीलधाऱ्यांचा ठेवायला हरकत नाही. पण वेळ सगळ्यांना सारखी, आणि वडीलधाऱ्यांचं बोलणं हा समारोप नसेल हे आधीच सांगायचं. सुनेला "तुला काय वाटतं?" असं सगळ्यांसमोर विचारलं की "माझं काही म्हणणं नाही" हेच उत्तर येतं. अनुभवी समुपदेशक फिरवून विचारतो: "आई रागावल्या की घरात सगळ्यात आधी कोण गप्प होतं?" "दादा आणि बाबांचं वाजलं की वहिनी काय करतात?" असे प्रश्न घरातल्या तिसऱ्याला विचारायचे. दोष न देता माहिती बाहेर येते.

त्रिकोण ओळखा. दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही म्हणून तिसऱ्याला मधे घेतलं जातं: सासू मुलाकडे सुनेची तक्रार करते, आई लेकीकडे बाबांची. बारा वर्षांची मुलगी आईची सल्लागार झालेली असेल तर तिच्या पोटदुखीचं कारण पोटात सापडणार नाही. उपाय साधा आहे आणि करायला कठीण: मधल्याने "हे तुम्ही त्यांनाच सांगा, हवं तर मी तिथे बसतो" एवढंच म्हणायचं. पहिले दोन आठवडे घरात ताण वाढतो. तो वाढणारच, त्याला घाबरून जुन्या वाटेला जाऊ नका.

### एका भेटीत एकच ठराव

आणि तोही मोजता येईल असा. "एकमेकांचा आदर करू" हा ठराव नव्हे. "महिन्याच्या ५ तारखेला घरखर्चाची रक्कम स्वयंपाकघराच्या डब्यात, हिशेब सून लिहील, सासूबाई महिनाअखेर एकदाच बघतील" हा ठराव. घर-दुकानाच्या वाटणीचा विषय निघाला तर समुपदेशकाने मर्यादा सांगायला हवी. नात्यातली कटुता त्याच्याकडे, कागद वकिलाकडे.

तपासा: बाहेर पडताना कोणी हरल्यासारखं दिसतंय का? तसं असेल तर दोन दिवसांत समुपदेशकाला कळवा. घरी त्याची भरपाई सगळ्यात दुबळ्या माणसाकडून होते.

## ९. भेटींच्या मधले दिवस

खरं काम या मधल्या दिवसांतच होतं. पहिल्या पाच-सहा भेटी आठवड्याला एक ठेवा. तीन आठवड्यांचं अंतर पडलं की प्रत्येक भेट मागची भांडणं सांगण्यात जाते. ठरलेला सराव रोज जमला नाही तरी किती वेळा जमला ते लिहा. 'सात पैकी दोनदा' ही उपयोगी माहिती आहे.

करू नका अशा तीन गोष्टी: भेटीत ऐकलेलं वाक्य भांडणात फेकणं ("मॅडमनी सांगितलंय ना तुला"), संमतीशिवाय भेट रेकॉर्ड करणं, आणि गावाकडच्या नातेवाइकांना फोनवर वृत्तांत देणं. ऑनलाइन भेट असेल तर दार बंद होईल अशी खोली, कानात इयरफोन, आणि घरात ती मिळत नसेल तर उभ्या गाडीत बसा.

मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं असेल तर बरं वाटलं म्हणून स्वतः बंद करू नका. उदासीवरच्या बऱ्याच औषधांना परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे आणि पुरता यायला त्याहून जास्त लागतात. त्याआधीच 'लागू पडत नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ.

## १०. चाललंय का, आणि थांबायचं केव्हा

चौथ्या भेटीला आणि मग आठव्याला पहिलं लिहिलेलं वाक्य काढा. पाचाचं एकावर यायचं होतं, किती झालं? तीन झालं असेल तर काम चालू आहे. काहीच हललं नसेल तर समुपदेशकाला तसंच सांगा. चांगला समुपदेशक पद्धत बदलेल, दुसऱ्या कुणाला खोलीत बोलवेल किंवा दुसरीकडे पाठवेल. न सांगता गायब होणं टाळा, कारण त्याला वाटतं तुम्ही बरे झालात आणि तुम्हाला वाटतं समुपदेशनच निरुपयोगी.

ताबडतोब थांबायची कारणं वेगळी आहेत: फीशिवाय इतर पैशांची मागणी, भेटीबाहेर खाजगी जवळीक, मंत्र-ताईत-पूजेचा आग्रह, डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणं, मारहाण सोसायला सांगणं.

काम होत आलं की अंतर वाढवा: पंधरा दिवसांनी दोन भेटी, मग महिन्याने एक. शेवटच्या भेटीत घसरण्याची तुमची सुरुवातीची खूण कोणती ते लिहून घ्या. एखाद्याची झोप तीन रात्री बिघडते, एखाद्या घरात पुन्हा निरोप मुलांमार्फत जायला लागतात. ती खूण दिसल्यावर कोणी कोणाला सांगायचं तेही लिहा. समुपदेशक बदलायचा असेल किंवा गाव सुटणार असेल तर एक पानी सारांश मागून घ्या: काय काम झालं, कोणत्या तारखांना, काय उरलं. जोडप्याच्या किंवा कुटुंबाच्या भेटींचा सारांश द्यायला सगळ्या सज्ञान सहभागींची लेखी संमती लागेल, म्हणून सगळे खोलीत असतानाच त्यावर सह्या घ्या.